दुसरा आणि चौथा ठोका

नॅशव्हिल, टेनेसी
११ मार्च १९६२, रविवार

हॉबर्ट मामा आणि ऑर्फा मामी,

पाकिटावरचा पत्ता बघून मामी कपाळाला हात लावणार, म्हणून आधीच सांगतो. डेटनची नोकरी गेली नाही, मी सोडली. दिवसभर मोटारींना दारं बसवायची आणि त्यातल्या एकाही मोटारीत बसून कुठे जायचं नाही, हे माझ्याच्याने होईना. लुइव्हिलपर्यंत बसने आलो, पुढे कोंबड्यांच्या ट्रकमधून. ट्रकवाला वाटेत प्रत्येक पूल आला की टोपी काढायचा. का, ते विचारलं तर म्हणाला, सवय. मग मीही काढायला लागलो. सतरा पूल लागले.

तर मुद्दा असा की मला गिटार हवी आहे, मामा. तुमची.

पत्र खाली ठेवू नका, पुढे वाचा. (मामी, तू वाचून दाखवत असशील तर थांबू नकोस.) आठ दिवसांपूर्वी, शनिवारी, न्हाव्याच्या दुकानात नंबरची वाट बघत बसलो होतो. न्हावी रेडिओवर प्रवचन ऐकत होता, म्हणून मी माझी जुन्या बाजारातली गिटार दबक्या हाताने वाजवत होतो. डेटनला हीच सवय लागली. खोलीत सहा जण, त्यातले चार रात्रपाळीचे, दिवसा झोपायचे. सूर जरा लांबला की बूट यायचा. तेव्हा सूर निघाला रे निघाला की मारून टाकायचा, असं करत करत मी अख्खी गाणी वाजवायला शिकलो आणि कोणी कूस बदलली नाही.

दुकानात खुर्चीत एक गृहस्थ होते, तोंडभर फेस. ते न्हाव्याला म्हणाले, ‘तुझी कात्री आज फार तालात चालली आहे.’ न्हावी म्हणाला, ‘माझ्या हातात वस्तरा आहे.’ मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

ते गृहस्थ म्हणजे लॉयल हकाबी. रेकॉर्डसाठी गायकाच्या मागे वाजवणारी मंडळी हेच जमवतात. या गावात अर्ध्या रेकॉर्डींमागे त्यांची माणसं असतात. त्यांनी सोमवारी बोलावून माझा हात पाहिला. म्हणाले, हात कामाचा आहे, पण गिटार बिस्किटाच्या डब्यासारखी आहे. मोठ्या पोटाची, पोकळ, जाड तारांची आण, आणि तारा मानेपासून इतक्या उंच हव्यात की खालून उंदीर गेला पाहिजे.

अशी गिटार मी जन्मात एकच पाहिली आहे. तुमची दोन बोटं कोळशाच्या गाडीखाली गेली तेव्हापासून ती भिंतीवर आहे. हे लिहायला नको होतं, पण आता खोडलं तर पान घाण दिसेल.

तुमचा,
व्हर्लिन


डॉगवूड फोर्क, केंटकी
२० मार्च

व्हर्लिन,

लिहितेय मी, बोलतोय तो. खुर्ची खिडकीकडे फिरवून बसलाय, म्हणजे माझ्याकडे बघायला नको.

तो म्हणतो, डेटनच्या आधी इंडियानात टोमॅटो होते, त्याच्या आधी फ्लोरिडात संत्री, त्याच्या आधी सिनसिनाटीत बूट. पोट भरायची सोय झाली की या पोराच्या पायाला खाज सुटते. (मी म्हटलं, बुटांनी पोट भरत नाही. म्हणाला, सांगतो तसं लिही.)

तो म्हणतो, ती गिटार मी टपालाने मागवली तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. शाळेच्या खोलीत साठ माणसं नाचायची, वाजवायला दोन फिडल आणि मी. साठ जणांच्या टाचा फरशीवर आपटत असताना शेवटच्या भिंतीशी बसलेल्या म्हातारीला माझी गिटार स्पष्ट ऐकू जायची. गिटार ऐकू जाण्यासाठी असते. न्हाव्याला झोप यावी म्हणून नसते.

मी चुलीवरचे बीन्स हलवून आले.

आता म्हणतो, गिटार पाठवतो. पण ऑक्टोबरात आपलं गुऱ्हाळ लागेल तोवर मुदत. तोपर्यंत माझी गिटार मला रेडिओवर ऐकू आली पाहिजे. तू सांगून नाही, माझ्या कानाने. नाही आली तर गिटार घेऊन घरी यायचं आणि बर्ल स्लोनच्या लाकडाच्या वखारीत कामाला लागायचं. बर्लने जागा धरून ठेवली आहे. पुन्हा कुठे जायचं नाव काढायचं नाही. कबूल असेल तर घे, नसेल तर गिटार बसमधून उतरवूच नको.

इथून पुढचं माझं. तासभर पुसत होता तिला. निळ्या चांदण्यांच्या गोधडीत गुंडाळून दिली आहे. गोधडी परत पाठव, ती माझ्या आईची आहे.

ऑर्फा मामी


नॅशव्हिल
१५ एप्रिल

मामा, मामी,

कबूल. गिटार आली, गोधडी आली, गोधडीच्या आत मामीने सरकवलेले सुके सफरचंदाचे काप पण आले. ते मामांना माहीत नसतील तर आता झाले.

गिटार छातीशी धरली आणि पहिला फटका मारला तेव्हा खालच्या मजल्यावरच्या बाईंचा पोपट ‘आत या’ म्हणाला. तो पोपट फक्त दार वाजलं की बोलतो. त्याच्या आधीच्या मालकाचं नाव... जाऊ दे, मोठी गोष्ट आहे.

काल पहिलं काम झालं. सकाळी दहा ते एक, तीन तासांत चार गाणी. गाणारीचं नाव ज्युएल ॲन टॅकेट, ती मूळची आपल्याच डोंगरातली, पलीकडच्या कौंटीची. गाणं कोणी आधी ऐकलेलं नसतं. ती एकदा गाऊन दाखवते, आणि हकाबी एका पाठकोऱ्या कागदावर आकडे लिहितात, कुठे कुठले सूर एकत्र धरायचे त्याचे. एक, चार, पाच. एक म्हणजे घर, चार म्हणजे अंगण, पाच म्हणजे रस्ता, तिथून परत घर. गाणारीला पट्टी उंच वाटली तर सगळं घर उचलून वर ठेवायचं, आकडे तेच राहतात. मामा, आठवीपर्यंत मास्तरांनी मला गणितासाठी जितकं बडवलं तितकं या कामाला लागत नाही. मला तीनच आकडे लागतात आणि तिन्ही येतात.

माझं काम सांगतो. चार ठोके. पहिला नि तिसरा ओडेलचा. ओडेल माणसाएवढं वाद्य उभं धरून खालचे सूर वाजवतो आणि दोन गाण्यांच्या मध्ये गुडघ्यांच्या तक्रारी सांगतो. दुसरा नि चौथा ठोका माझा. हकाबी ड्रम ठेवत नाहीत, तेव्हा ड्रमच्या जागी मीच. उजव्या हाताने सगळ्या तारांवर एक फटका, आणि तो उमटतो न उमटतो तोच डाव्या हाताची बोटं सैल सोडायची. उचलायची नाहीत, नुसती टेकलेली. सूर तिथल्या तिथे गप्प. राहतं ते फक्त ‘छक्’. ओडेल ‘धुम्’ आणि मी ‘छक्’, तीन तास. आम्ही टेकू, आणि ज्युएल ॲन, फिडल, पियानो, मांडीवरची स्टील गिटार, सगळे आमच्यावर रेलून उभे.

संपल्यावर हकाबी माझ्याबद्दल एक वाक्य बोलले. ते इथे लिहीत नाही.

वाळत घातलेल्या चादरींचं गाणं आहे, उन्हाळ्यात येईल. तबकडीच्या मागच्या बाजूचंही आमचंच आहे. रेडिओच्या बॅटऱ्या बदलून ठेवा. गोधडी पुढच्या आठवड्यात नक्की.

व्हर्लिन


डॉगवूड फोर्क
२ जुलै

व्हर्लिन,

काल तुझं चादरींचं गाणं आलं. आज परत आलं. दोन्ही वेळा निवेदकाने ज्युएल ॲन टॅकेटचं नाव घेतलं, तेव्हा चूक व्हायला जागा नाही.

काल आम्ही दोघंच होतो. आज बर्ल स्लोन पण मुद्दाम आला होता, बायकोला घेऊन. तुझ्या मामाने सगळ्यांना गप्प केलं. माझ्या हातातल्या शेंगा पण खाली ठेवायला लावल्या, मोडताना कटकट होते म्हणून. रेडिओला कान लावून उभा राहिला.

गाणं छान आहे रे. मला त्या चादरी दिसल्या. पण तू नाहीस त्यात.

तो म्हणतो, फिडल ऐकू आलं, पियानो ऐकू आला, स्टील गिटार ऐकू आली. बाई ओळ सुरू करायच्या आधी श्वास घेते तोसुद्धा ऐकू आला. माझी गिटार कुठे आहे?

बर्ल म्हणाला की पोरगा तिथे झाडलोट करत असेल, त्यातही काही वाईट नाही. तुझ्या मामाने रेडिओ बंद केला. संध्याकाळी खेचराला पाणी पाजायला गेला तो अंधार पडेपर्यंत परत आला नाही.

मी तुला सरळ विचारते. तू खरंच वाजवतोस ना?

मामी


नॅशव्हिल
१० जुलै

मामी, मामा,

वाजवतो. शपथ कशाची घेऊ ते सांगा.

तेव्हा जे लिहिलं नव्हतं ते आता लिहितो. हकाबी त्या दिवशी म्हणाले होते, ‘शाबास, तू एकदाही ऐकू आला नाहीस. ऐकू आलास तर तुला पुढच्या बसने घरी पाठवीन.’ मामा, इथे काम चांगलं झालं याची खूण हीच आहे. माझा ‘छक्’ ओडेलच्या ‘धुम्’ला चिकटून जातो, गाणारीच्या शब्दाखाली सरकतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं गाणं आपलं आपण चाललंय. हकाबींची माणसं वीस वीस वर्षं असंच वाजवतात आणि त्यांची नावं तबकडीवर नसतात.

मुदत मान्य केली तेव्हा मला हे माहीत होतं का? नव्हतं. कळलं तेव्हा सांगायला हवं होतं का? हवं होतं. पण तुम्ही गिटार तासभर पुसली होती आणि मी काय लिहिणार होतो, की तिचा आवाज न येऊ देण्याबद्दल मला पैसे मिळतात?

पुन्हा लागलं तर असं करा. ओडेलचा ‘धुम्’ वाजतो तिकडे कान ठेवू नका, दोन ‘धुम्’च्या मधल्या मोकळ्या जागेत ठेवा. झाडू भिंतीला टेकताना होतो तेवढा आवाज आहे.

आता बघतो की उदाहरणाला मी झाडूच घेतला. बर्लला हे पत्र दाखवू नका.

व्हर्लिन


डॉगवूड फोर्क
२४ जुलै

व्हर्लिन,

तो म्हणतो, मोकळ्या जागेत कान ठेवला. मोकळी जागा ऐकू आली.

तो म्हणतो, ज्याचं चांगलं काम कोणाला कळतच नाही असा धंदा मी खाणीत तेवीस वर्षं केला, तेव्हा मला शिकवू नको. झाडू असेल तर झाडू म्हण, मी रागावणार नाही. पण मग गिटार पाठवून दे. खोलीच्या कोपऱ्यात उभी राहायला ती नको.

(हे सगळं त्याने शांतपणे सांगितलं. ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं.)

गाणं मात्र रोज ऐकतो. दुपारी कामावरून मुद्दाम घरी येतो आणि मला सांगतो की पाणी प्यायला आलो.

ऑक्टोबराच्या पहिल्या शनिवारी गुऱ्हाळ आहे.

मामी


नॅशव्हिल
१९ ऑगस्ट

मामा, मामी,

घाईत लिहितो आहे. परवा आगगाडीच्या गाण्याचं काम झालं, गाणारा डॉर्सी प्लँक. हे बाहेर आलं की नक्की ऐका. यात मी ऐकू येईन. सप्टेंबर अखेर रेडिओवर लागेल, गुऱ्हाळाच्या आधी.

बाकी ठीक. फार काम आहे.

व्हर्लिन


डॉगवूड फोर्क
७ ऑक्टोबर, रविवार

व्हर्लिन,

काल गुऱ्हाळ झालं. हात अजून चिकट आहेत, अक्षर तसंच येईल. तुझा मामा इथेच बसला आहे, आज खुर्ची माझ्याकडे तोंड करून आहे. पण तो गोष्ट मधूनच सुरू करतो, म्हणून आधी मी सांगते.

बर्लने गावात जाऊन दोन्ही तबकड्या विकत आणल्या, चादरींची आणि आगगाडीची. वखारीतून लांब वायर ओढून रेकॉर्ड वाजवायचं यंत्रही लावलं. सगळ्यांना सांगत होता की आज हॉबर्टच्या गिटारचा निकाल आहे. मेला चेष्टा करतो, पण स्वतःचे पैसे घालून करतो. खेचर चरक ओढत होतं, चुलाणावर काकवी चढली होती, आणि तुझा मामा झारा घेऊन मळी काढत होता. त्याची पाठ सगळ्यांकडे. पोरांनी वखारीतल्या फळ्या जमिनीवर टाकल्या आणि आपली ती म्हातारी मंडळी नाचायला उभी राहिली. त्यांचा नाच काय, पाय उचलायचे नाहीत, घासायचे आणि टाच हाणायची.

पहिल्यांदा चादरींचं गाणं लावलं. फळ्या अशा वाजत होत्या की काय सांगू. दहा माणसांच्या वीस टाचा, आणि ठोका एकच. मग बर्लने आगगाडीचं लावलं, म्हणाला, आता ऐका, पोराने लिहिलंय यात तो ऐकू येणार आहे.

फिडल जोरात, प्लँकचा आवाज जोरात. आणि फळ्यांवर सगळा गोंधळ. एकाची टाच आधी, एकाची नंतर. म्हाताऱ्या एकमेकींच्या पायांकडे बघायला लागल्या. मला काही कळलं नाही, मला वाटलं दमल्या असतील.

आता तो म्हणतो ते.

तो म्हणतो, मी मळी बघत होतो, गाणं ऐकतच नव्हतो. मला फक्त पाय ऐकू येत होते. माझं अर्धं आयुष्य नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघून वाजवण्यात गेलं. पाय असे कधी विस्कटतात ते मला माहीत आहे. गिटारवाला पाणी प्यायला उठला की विस्कटतात.

तेव्हा तो वळला नाही. झारा हातात तसाच, आणि बर्लला म्हणाला, ‘पोरगा यात नाही.’

बर्ल म्हणाला, ‘मी जुलैपासून काय सांगतोय?’

‘यात नाही. आधीच्यात होता.’

बर्लचा विश्वास बसेना. त्याने न सांगता चादरींची तबकडी उलटी करून लावली. मागच्या बाजूचं गाणं आम्ही कोणी कधी ऐकलंच नव्हतं. पाठ आमच्याकडे असल्यामुळे तुझ्या मामाला तर काय लावलंय हेही माहीत नव्हतं. मंडळींनी दोन पावलं टाकली आणि फळ्या परत एका ठोक्यावर आल्या. तुझा मामा झारा चाटत म्हणाला, ‘हा आला बघ.’

बर्लने बराच वेळ तबकडी हातात धरून दोन्ही बाजूंनी पाहिली. मग म्हणाला की वखारीतली जागा तो आपल्या मेव्हण्याला देतो.

तो म्हणतो, मी बोललो होतो की माझी गिटार मला ऐकू आली पाहिजे. एका गाण्यात ती नाही हे मला ऐकू आलं. माझं समाधान झालं. गिटार तुझ्याजवळ राहू दे.

तो म्हणतो, पण तू खोटं लिहिलंस. त्या गाण्यात नसताना आहे म्हणालास. का, ते सांग.

आता माझं विचारणं. ऑगस्टपासून तुझं एकच पत्र, आणि त्यात पोपट नाही, ट्रकवाला नाही, कोणीच नाही. चार ओळींत पत्र संपवणारा तू नव्हेस. कागदाला धुलाईच्या पावडरचा वास आणि मागे छापलंय, ‘इस्त्रीचे कपडे गुरुवारी मिळतील.’ तू कुठे काम करतोस, बाळा?

काकवीची एक बरणी वेगळी काढली आहे. खरं सांगितल्यावर पाठवीन.

मामी


नॅशव्हिल
१७ ऑक्टोबर

मामी, मामा,

लाँड्रीत. ऑगस्टपासून. गाडीवर कपडे पोचवतो. काम वाईट नाही, एका वकिलाकडे तर आठवड्याला चौदा पांढरे शर्ट असतात आणि तो एकटा राहतो. पण ते नंतर.

झालं असं. तुमचं जुलैचं पत्र खिशात होतं. ‘मोकळी जागा ऐकू आली’ हे मला पाठ झालं होतं. आगगाडीच्या गाण्याला बसलो आणि मी ठरवलं की आज बोटं सैल सोडायची नाहीत, जरा दाबून धरायची, एवढंच. मामांना एक सूर मिळेल, पुरे. ‘छक्’च्या जागी ‘छंग’ झालं. हकाबींनी हात वर केला, म्हणाले, कोणीतरी दार उघडं टाकलंय. परत सुरू केलं. मी परत तेच केलं. तिसऱ्यांदा ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, ‘व्हर्लिन, जा, कॉफी घेऊन ये.’

इथे त्याचा अर्थ ‘आजपासून तुझं काम संपलं’ असा असतो. सगळ्यांना माहीत आहे. मला नव्हतं. मी खाली गेलो आणि सहा कॉफ्या घेऊन आलो, ओडेलची बिनसाखरेची. वर आलो तर दारावरचा लाल दिवा लागलेला. आत गाणं चालू होतं, माझ्याशिवाय. त्यांचे तीन तास संपत आले होते, दुसरा माणूस शोधायला वेळ नव्हता. मी कॉफीचे पेले घेऊन बाहेर उभा राहिलो. थंड झाल्यावर दोन प्यायलो. गिटार दारात काढून ठेवली होती. तेव्हा कळलं.

तुम्हाला कसं लिहिणार? गिटार ऐकू यावी म्हणून वाजवली, त्याच दिवशी ती बंद पडली. म्हणून चार ओळी लिहिल्या, लाँड्रीच्या कागदावर, कारण दुसरा कागद नव्हता.

मामीचं पत्र शुक्रवारी मिळालं. ते मी जिन्यात बसून वाचलं, मग पोपटवाल्या बाईंना वाचून दाखवलं, मग त्या म्हणाल्या, मला काय दाखवतोस, ज्यांना दाखवायचं त्यांना दाखव. शनिवारी शर्टांची गाडी स्टुडिओच्या मागे उभी केली आणि आत गेलो. हकाबी पियानोच्या झाकणावर ठेवून काहीतरी खात होते. मी नुसतं पत्र दिलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं. मळीच्या जागी आले तेव्हा थांबून मला विचारलं की मळी म्हणजे काय. मी सांगितलं. परत पहिल्यापासून वाचलं.

‘तुझ्या मामाला हे कोणी सांगितलं?’

‘कोणी नाही. काकवी हलवत होते.’

‘त्या दिवशी सूर लांबू का दिलास?’

‘त्यांना ऐकू यावं म्हणून.’

त्यांनी पत्राची घडी घालून मला परत दिलं. मग म्हणाले की त्यांच्या आईला शेवटपर्यंत वाटायचं की लॉयल पियानो उचलून ठेवायच्या कामावर आहे. ती शेजाऱ्यांना सांगायची, एकही पियानो अजून पडलेला नाही. त्यांनी तिला कधी खरं पटवलं नाही, जमलंच नाही. आणि म्हणाले, आगगाडीचं गाणं लंगडं आहे हे त्यांना त्याच दिवशी कळलं होतं. पण ते अजून कोणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं, आणि केंटकीतल्या एका चुलाणापाशी उभ्या माणसाकडून ऐकू येईल असं तर वाटलंच नव्हतं.

‘मंगळवारी दहाला ये,’ ते म्हणाले. ‘गिटार आण. कॉफी आणू नकोस.’

काल मंगळवार होता. चार गाणी झाली. एक लग्नाचं, दोन रडकी, आणि एक कुत्र्याचं, ते फार चांगलं आहे. ओडेलचे गुडघे आता बरे आहेत, आता त्याची पाठ दुखते. मी दुसऱ्यावर आणि चौथ्यावर होतो, बोटं सैल, एकदाही चुकलो नाही. शेवटी सगळ्यांना गाणी परत वाजवून दाखवली, तेव्हा गाणारा मुलगा, नवीनच आहे, हळूच हकाबींना विचारत होता की त्या डोंगरातल्या माणसाची गिटार यंत्रात आली नाही का. हकाबी म्हणाले, आली आहे, तू काळजी करू नकोस. मामा, मला इतकं बरं वाटलं की खाली जाऊन मी स्वतःसाठी एक कॉफी घेतली आणि ती गरम असताना प्यायलो.

लाँड्रीत सांगून आलो आहे की या शनिवारनंतर येणार नाही. मामी घाबरेल, तर सांगतो, या वेळी मी कुठे जाण्यासाठी काम सोडलेलं नाही, राहण्यासाठी सोडलं आहे. असं पहिल्यांदाच होतं आहे, त्यामुळे पुढे काय करायचं असतं ते मला नीट माहीत नाही. खोलीला पडदे घ्यावेत म्हणतो.

खोटं लिहिलं त्याबद्दल माफी. बरणी पाठवा. गोधडी या पत्राबरोबरच निघाली आहे, बाईंनी धुऊन दिली, त्यावर पोपटाचं एक हिरवं पीस राहिलं असेल तर रागावू नकोस.

कालची गाणी हिवाळ्यात येतील. मामा, रेडिओला कान लावून उभे राहू नका. बर्लकडून फळ्या मागून आणा, मामीचा हात धरा आणि नाचा. मी तिथे असेनच.

तुमचा,
व्हर्लिन